दाराजवळचं बाक

(दहावी, मार्च १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



पंचविशीचा मेळावा करोनानं बुडवला, म्हणून आज आपण उशिरा का होईना भेटतोय. आयोजक मंडळींनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी हो म्हटलं, दोन पानं लिहिलीही. मग आठ दिवसांपूर्वी फोन करून सांगितलं, की मला दुसरं काहीतरी बोलायचंय. ते म्हणाले, "बोल की, आपल्याच माणसांत बोलायलीस." तेवढ्या एका वाक्याच्या जोरावर उभी आहे.

आपल्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे, आता आपण धाराशिव म्हणतो. पण आपल्या वयाच्या माणसाला बाहेरगावी कुणी "कुठले?" म्हणून विचारलं आणि आपण उमरगा सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे किल्लारीजवळ का?" आपण "हो" म्हणतो आणि विषय बदलतो. मी तीस वर्षं बदलत आले.

तुम्हाला माहीत आहे तेवढं थोडक्यात सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आपण आठवीत होतो. मी आणि माझा नऊ वर्षांचा भाऊ सास्तूरजवळच्या एका गावी आज्जीकडे गेलो होतो. आम्ही ख्रिस्ती, पण गावच्या मिरवणुकीत लेझीम कोण खेळतंय, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. भाऊ लेझमीसाठी हट्ट करून गेला होता, आणि त्याला सांभाळायला मी.

आज्जीचं घर माळवदाचं. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर कितीतरी वर्षं दरसाल थापलेली माती. उन्हाळ्यात गार राहायचं, म्हणून सगळ्यांना त्याचा अभिमान. पुढं पत्र्याची ओसरी. मिरवणूक बघून रात्री उशिरा झोपायला आलो, तेव्हा ओसरीवर एकाचीच जागा होती. भाऊ म्हणाला, "ताई, आत लई गरम व्हायलंय, मी बाहेर झोपतो." मी म्हटलं, "मी मोठी आहे, जागा माझी." तो आज्जीजवळ आत जाऊन झोपला.

ही गोष्ट मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितली होती. आता तुम्हाला सांगितली.

माळवद खाली आलं. ओसरीची बाजूची भिंत माझ्या पायांवर आणि डाव्या हातावर पडली. उजाडेपर्यंत मी तशीच होते, भावाला हाका मारत. आतून उत्तर आलं नाही. मला बाहेर काढलं तेव्हा पाऊस होता, एवढं आठवतं. नंतर सोलापूरचा सरकारी दवाखाना. आज्जीला आणि भावाला माती देताना मी नव्हते. दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही नावं तेव्हा रोज पेपरात होती. त्या आकड्यात माझी दोन.

दिवाळीनंतर हाताला प्लास्टर घेऊन मी वर्गात आले. तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगले वागलात, म्हणजे कुणी काही विचारलं नाही. वर्गात दोन बाकं रिकामी होती. त्यावरही कुणी बोललं नाही. मोठी माणसं म्हणायची, "आता विसरायचं आणि अभ्यास करायचा." एका कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून 'धीराची मुलगी' म्हणून शाल दिली. त्या दिवसापासून मला रडता येईना. धीराची मुलगी कशी रडणार?

मी अभ्यास केला. गणितात पैकीच्या पैकी, बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, लग्न, मुलगी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हिनं मागं टाकलं सगळं. आतली यादी वेगळी होती. मी कधीही खोलीच्या आतल्या बाजूला झोपले नाही, नेहमी दाराशी. उशाला चप्पल आणि बॅटरी. सिनेमा थिएटरमध्ये कडेची खुर्ची. शेजारून ट्रक गेला की आधी पाय ताठ व्हायचे, मग कळायचं ट्रक आहे. डावा खांदा कायम आखडलेला. हाडांच्या तीन डॉक्टरांनी एक्स-रे काढले आणि तिघांनीही "काही नाही" म्हणून सांगितलं. दरवर्षी गणपती उठले की पंधरा दिवस पहाटे चारच्या आधी जाग. नवऱ्याला वाटायचं, हा हिचा स्वभावच.

२०१९ मध्ये आमच्या ऑफिसशेजारी एका इमारतीचं पायाचं काम सुरू झालं. जमिनीत खांब ठोकायचं मशीन. एका मीटिंगमध्ये टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला आणि पुढचं मला आठवतं ते थेट खाली, रस्त्यावर, अनवाणी. सात मजले जिन्यानं उतरले होते. वरून सगळी टीम खिडकीतून बघत होती. मी एकोणचाळीस वर्षांची होते, पंधरा माणसांची मॅनेजर. लाजेनं दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली.

आधी मी एका ओळखीच्या धर्मसेवकाकडे गेले. त्यांनी मनापासून प्रार्थना केली आणि म्हणाले, "देवाची इच्छा होती, विश्वास कमी पडू देऊ नका." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण घरी येताना माझ्या मनात भावाच्या जोडीला आणखी एक गुन्हा जमा झाला होता, कमी विश्वासाचा. तिथून पुढं सहा महिने मी उपासनेलाच गेले नाही.

नंतर एका मैत्रिणीनं एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. त्या मानसशास्त्र शिकलेल्या, ख्रिस्ती, आणि शरीराच्या अंगानं आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या. मी तयारीनिशी गेले होते, सगळी हकीकत सनावळीसकट सांगायला. त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाल्या, "गोष्ट कुठं पळून जात नाही. झोप किती लागते? सकाळी काय खाल्लंत? दार उघडं ठेवू की लोटू?" मला एवढ्या वर्षांत दाराचं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, उघडं ठेवा. त्या पहिल्या तासात आम्ही फक्त पाय जमिनीला टेकलेत हे अनुभवलं आणि खोलीतल्या निळ्या वस्तू मोजल्या. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी पैसे दिले?

आता थोडं माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. धोका आला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग घंटा वाजवतो. अॅड्रेनालिन सुटतं, हातापायांत रक्त धावतं, शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. दोन्ही जमलं नाही तर शरीर थिजतं. ढिगाऱ्याखाली मला लढताही आलं नाही आणि पळताही. धोका संपला, पण 'काम संपलं' हा निरोप घंटेपर्यंत पोचलाच नाही. आमच्याकडे अशा प्रोग्रामला अडकलेला प्रोग्राम म्हणतात. तो पडद्यावर दिसत नाही, मागं चालू राहतो आणि मशीन तापवतो. बाकीच्या आठवणींवर मेंदू तारखेचा शिक्का मारतो. या आठवणीवर तो नीट बसत नाही, म्हणून ग्लास हलला की शरीराच्या हिशेबी आजही १९९३ असतं. त्याला "विसर" म्हणून सांगून उपयोग नाही, कारण ते शब्दांत साठवलेलंच नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकात या आजाराला १९८० पासून नाव आहे, पीटीएसडी. आपल्या भागातही तज्ज्ञ आले होते. ज्यांना आपण 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, ते डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या वतीनं त्यांनी भूकंपग्रस्तांच्या मनावर काम आणि अभ्यास केला. पण तेव्हा आपल्या घरात 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की पुढं 'वेड' हाच शब्द यायचा. पत्र्याच्या शेडचा अर्ज भरायला रांग होती, मनाच्या अर्जाला रांग लावायची कुणाची छाती नव्हती.

चौथ्या-पाचव्या भेटीत बाईंनी विचारलं, "त्या पहाटे तुमच्या डाव्या हाताला काय करायचं होतं?" मी विचार न करता म्हटलं, "ढकलायचं होतं." त्या म्हणाल्या, "मग ढकला." त्यांच्या खोलीच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून मी उभी राहिले. दहा सेकंद ढकलायचं, थांबायचं, दाराकडे बघायचं, श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं. परत दहा सेकंद. तिसऱ्या वेळी पाय लटलट कापायला लागले. मी सवयीनं आवरायला गेले, तर त्या म्हणाल्या, "कापू द्या. थंडी वाजली की कापतो तसंच आहे ते. शरीर आपलं काम पुरं करायलंय." त्याही आपल्याकडच्याच, त्यामुळे हे 'करायलंय' ऐकून मला एकदम आज्जी आठवली आणि मी रडले. तेव्हा किती वर्षं झाली होती, हिशेब तुम्ही करा.

ती भिंत पडली नाही. हे ऐकायला किरकोळ वाटेल. माझ्या शरीराला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की भिंत ढकलली तरी उभी राहू शकते.

आणि प्रार्थना? तीही होती, पण माझी परवानगी विचारून, आणि कधी कधी नुसतं गप्प बसणं. पवित्र शास्त्रात एलीया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. तो जिवाच्या भीतीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता मरण दे म्हणतो. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा जेवायला घालतो, आणि मगच पुढच्या प्रवासाचं बोलणं होतं. रविवारच्या शाळेत ही गोष्ट मी कितीदा ऐकली, पण भाकरीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. त्याच गोष्टीत पुढं डोंगरावर वादळ येतं, भूकंप येतो, आग येते, आणि यातल्या कशातही त्याला देव सापडत नाही. सापडतो तो नंतरच्या अगदी हळू आवाजात. लहानपणापासून मी देवाला भूकंपात शोधत होते, का पाठवला म्हणून भांडत होते. बाईंनी एवढंच विचारलं, "त्या पहाटे हळू आवाज कुठला होता?" मला आठवलं. ढिगाऱ्याच्या बाहेरून एक माणूस सारखा म्हणत होता, "पोरी, बोलत राहा, मी हितंच हाय." त्याचा चेहरा मी पाहिला नाही. कोण होता, कुठल्या धर्माचा, ठाऊक नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे काही नवीन नाही. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेले. त्या स्वतः भावाबरोबर भुकेल्या पोटी देशभर पायी फिरल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. तिथं अन्न, अंघोळ, कपडे होते. शिक्षण होतं, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि प्रार्थनाही होती. ज्या बाईनं स्वतः उपास काढले, तिला हाताला काम आणि पोटाला अन्न याचं मोल कुणी शिकवायची गरज नव्हती. आपण त्याला आज उपचार हा शब्द वापरतो, एवढंच.

सर्वात अवघड होता ओसरीच्या जागेचा विषय. तो मी दीड वर्षानं काढला. लॉकडाऊन होता, आम्ही व्हिडिओवर बोलायचो. बाईंनी "तुमची चूक नव्हती" असं पटकन म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी माझ्या मुलीचं वय विचारलं. ती पुढच्या वर्षी तेरा पूर्ण करणार होती. "तिनं जागेवरून भावंडाशी भांडण केलं असतं आणि पहाटे असं झालं असतं, तर तिला काय म्हणाला असतात?" त्या वेळी मुलगी शेजारच्या खोलीत मोठ्यानं गाणी लावून बसली होती. मी उठून तिच्या दारात जाऊन उभी राहिले. किती लहान असतं हो तेरा वर्षांचं माणूस! मी त्या मुलीला तेव्हापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

स्पष्ट सांगायला हवं, की हा चमत्कार नाही. अडीच वर्षं लागली. मधे आठ महिने मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या घेतल्या, आणि ते समुपदेशक बाईंनीच सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये अशा आघातांसाठी दोन उपचारांची शिफारस केली आहे: आघातावर केंद्रित वर्तन-उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारा ईएमडीआर. शरीराच्या अंगानं जाणाऱ्या इतर पद्धतींवर तेवढं संशोधन अजून झालेलं नाही. मला उपयोग झाला, तुम्हाला होईलच असं इंजिनिअर म्हणून मी लिहून देणार नाही. पण जो समुपदेशक गोळ्या बंद करायला सांगेल, पहिल्याच दिवशी सगळं ओकायला लावेल, किंवा तुमचा आजार म्हणजे श्रद्धेची कमतरता आहे असं म्हणेल, त्याच्यासमोरून उठून या. मग तो कुठल्याही धर्माचं नाव घेवो. आणि ज्यांना पुण्या-मुंबईला जाणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारचा टेलिमानस फोन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मी माझ्या श्रद्धेच्या भाषेत बोलले, कारण मला तीच येते. तुमच्यातलं कुणी तुळजापूरला जाऊन हलकं होत असेल, कुणी नमाजाला गुडघे टेकून. माझं म्हणणं इतकंच, की दुःख अंगात राहतं, तर अंगालाही बोलावून घ्या. आणि एकट्यानं नको.

गेल्या सप्टेंबरात मी आज्जीच्या जुन्या गावठाणात जाऊन आले. नवं गाव लांब वसलंय, सरळ रस्ते, सिमेंटची घरं. जुन्या जागी बाभळी माजल्यात, मधेच एखादं जोतं दिसतं. आज्जीचं घर नेमकं सापडलं नाही. जिथं असावं असं वाटलं तिथं तासभर बसले. पाय जमिनीवर टेकवले. भावाला मोठ्यानं सॉरी म्हटलं, आणि लेझमीच्या तालाचं काहीतरी बडबडले. शेळ्या राखणारा एक म्हातारा लांबून बघत होता. मी निघाले तेव्हा त्यानं फक्त पाणी हवं का विचारलं. मी प्यायले.

आता शेवटचं. आपल्या वर्गशिक्षिका बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही. मी दिवाळीनंतर आले त्या दिवशी माझं नेहमीचं बाक भिंतीकडेला, चौथं होतं. तुम्ही हजेरी घेतली, मग दोन मुलांना उठवलं आणि काही न बोलता माझं बाक उचलून दाराजवळ ठेवायला लावलं. वर्षाअखेरपर्यंत ते तिथंच राहिलं. मला तेव्हा वाटलं, उजेड येतो म्हणून. समुपदेशनाला जाऊन आल्यावर, चाळिशीत, एका रात्री मी अंथरुणात उठून बसले आणि नवऱ्याला म्हटलं, "बाईंना कळलं होतं!" तुम्ही मानसशास्त्राचं पुस्तक वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्या वर्षी मला कुणी दिलेला पहिला उपचार तो होता.

इथं आपल्यातले सात-आठ जण आज शिक्षक आहेत. जिल्हा आपला तोच आहे. दुष्काळ आहे, अतिवृष्टी आहे, ज्याच्या बापानं शेतात जीव दिला असं पोर तुमच्याही वर्गात बसत असेल. त्याला धीराचा मुलगा म्हणू नका. शाल देऊ नका. त्याचं बाक कुठं आहे, तेवढं बघा.

काल रात्री मी मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला होते. घरात पाहुणे भरलेले, जागा होती ती फक्त आतल्या खोलीत. तिनं काळजीनं विचारलं, "तुला चालेल का?" मी म्हटलं, चालेल. दार लोटून घेतलं. चप्पल बाहेर, पायरीवरच राहिली होती, हे सकाळी चहाच्या वेळी लक्षात आलं.

बाई, जेवणाच्या पंगतीत मी तुमच्याशेजारी बसणार आहे, जागा धरून ठेवा.